ताईत असलेली छाती

डॉक्टर दत्तोपंत गद्रे यांनी अख्ख्या भिवंडीच्या छात्या पाहिल्या होत्या, पण भिवंडीचे चेहरे त्यांना ओळखू येत नसत. रस्त्यात कुणी हात जोडून "काय डॉक्टर, ओळखलंत का?" म्हणालं की दत्तोपंत त्याच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाकडे बघत विचारात पडायचे. एकदा तीनबत्तीच्या बाजारात एका गृहस्थांनी फारच आग्रह धरला, तेव्हा दत्तोपंत प्रामाणिकपणे म्हणाले, "एखादी जुनी फिल्म असली तर घेऊन या, लगेच सांगतो." गृहस्थ दुखावले. ते दत्तोपंतांचे साडू होते.

हा दोष धंद्याचा. रेडिऑलॉजिस्टला पेशंट भेटत नाही, पेशंटची सावली भेटते. ब्राह्मण आळीतल्या त्यांच्या एक्स-रे सेंटरमध्ये पेशंटला आत नेणं, अंगावरचं सोनंनाणं काढून ठेवायला लावणं, हनुवटी वर करून उभं करणं हे सगळं अनंता करायचा. अनंता टेक्निशियन म्हणून उत्तम. त्याच्यात खोट एकच होती. "श्वास घ्या! धरून ठेवा!" असं तो शेजारच्या गल्लीतले कापडाचे लूम थांबावेत एवढ्या जोरात ओरडायचा, बटण दाबायचा आणि फिल्म धुवायला काळोख्या खोलीत निघून जायचा. "सोडा" म्हणायचं राहूनच जायचं. बहुतेक लोक आपापल्या जबाबदारीवर सोडायचे. जी माणसं डॉक्टरांचं शब्दशः ऐकतात, त्यांची मात्र पंचाईत व्हायची.

आता सेंटर बंद झालं होतं. मशीन गेलं, अनंता मुलाकडे नाशिकला गेला, आणि फिल्मचे गठ्ठे भंगारवाल्याने नेले. फिल्ममध्ये चांदी असते म्हणे. भिवंडीच्या दोन पिढ्यांचे खोकले वितळून कुणाच्या तरी पैंजणात गेले असतील. थोड्या निवडक फिल्म तेवढ्या दत्तोपंतांनी मागे ठेवल्या.

बायको प्रमोदिनी जाऊनही आता बराच काळ लोटला होता. मुलगा मिहिर बंगळुरूला. मागच्या गल्लीतले लूम दिवसभर खटखटत. शिफ्ट बदलताना ते थांबले की दत्तोपंतांना स्वतःच्या घराचा आवाज ऐकू यायचा. तो फ्रिजचा असायचा.

मिहिर दिवाळीला आला तेव्हा त्यानेच वेबसाइट काढून दिली. "बाबा, तुमच्याकडे एवढ्या केसेस आहेत. टाका की इंटरनेटवर. फुकट. मेडिकलची मुलं शिकतील, रेसिडेंट शिकतील." आपण त्याला ऑफिसच्या वेळात फोन करू नये म्हणून ही योजना आहे, हे दत्तोपंतांच्या लक्षात आलं होतं. पण त्यांना ती आवडली. साइटचं नाव ठेवलं 'सावलीशाळा'. भाषा मराठी. इंग्रजीत सांगणारे पुष्कळ होते.

किती पुष्कळ, ते मागाहून कळलं. परदेशातल्या मोठमोठ्या साइट होत्या, हजारो केसेसच्या. कुठे सीटी स्कॅन बोटाने वरखाली सरकवता येई, कुठे हसऱ्या प्राध्यापकांचे व्हिडिओ होते, कुठे प्रश्नमंजूषा आणि वर शाबासकी. सगळं फुकट. पैसे घेणाऱ्याशी माणूस स्पर्धा करू शकतो; फुकट देणाऱ्याशी कशी करणार? दत्तोपंतांची सामग्री म्हणजे दिव्याच्या पेटीवर फिल्म लावून मोबाइलने काढलेले फोटो. नागपूरची रुचिरा नावाची एक रेसिडेंट डॉक्टर नेमाने साइट बघायची आणि नेमाने चुका काढायची.

"सर, केस बारामध्ये उजव्या फुफ्फुसात पंखा दिसतोय."

"तो माझ्या हॉलमधला आहे," दत्तोपंतांनी उत्तर लिहिलं. "फुफ्फुस नॉर्मल आहे."

एक गोष्ट मात्र त्यांनी कडकपणे पाळली होती. फिल्मच्या कोपऱ्यातलं नाव, वय, गाव यांवर काळी पट्टी. केस म्हणजे केस. ती कुणाची, हे जगाला कळता कामा नये. पट्टी लावल्यावर ते त्यांनाही आठवत नसे. अर्थात, आधीही आठवत नव्हतंच.

साइटच्या मागच्या बाजूला मिहिरने एक पान करून दिलं होतं. त्यावर कोणती केस कोणी केव्हा उघडली, ते दिसायचं. पहिले काही आठवडे 'आत्ता बघणारे : १' असं दिसलं की दत्तोपंत हरखून जायचे. मग मिहिरने फोनवर हळुवारपणे सांगितलं की तो एक म्हणजे तेच. त्यांना वगळण्याची सोय त्याने त्याच दिवशी करून टाकली, आणि तो आकडा शून्यावर येऊन टेकला.

आणि मग तो विद्यार्थी आला.

तो दुपारी चहाच्या वेळेला यायचा. एकच केस उघडायचा, केस एक्केचाळीस. बराच वेळ बघायचा. खाली 'तुमचं निदान लिहा' असा चौकोन होता, त्यात काहीही लिहायचा नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वेळेला हजर, पुन्हा एक्केचाळीस. गाव दिसायचं नाही. ठाणे जिल्हा एवढंच.

"मिहिर, तो मुलगा आजही आला होता," दत्तोपंत फोनवर सांगायचे.

"मुलगा कशावरून, बाबा?"

"रोज तेच बघतो आणि उत्तर देत नाही. मुलगी असती तर आतापर्यंत माझी चूक काढली असती."

विद्यार्थी मठ्ठ होता यात शंकाच नव्हती. पण असा चिकाटीचा मठ्ठ विद्यार्थी दत्तोपंतांनी आयुष्यात पाहिला नव्हता. ते दुपारची झोप आवरती घ्यायला लागले. दाढी सकाळीच व्हायला लागली. चारच्या सुमारास शर्ट बदलून लॅपटॉपसमोर बसायचे. त्या पोराला हे दिसणार नव्हतं, पण वर्गावर जाताना बनियनवर जात नाहीत. आकडा एक झाला की चहा ओतायचा, शून्य झाला की कप विसळायचा. मधल्या वेळेत घरात दोन माणसं असल्यासारखं वाटे.

केस तशी चकवणारी होती. डाव्या फुफ्फुसाचा न्यूमोनिया, पण नेमका हृदयाच्या सावलीमागे दडलेला. वरवर बघणाऱ्याला फिल्म नॉर्मल वाटावी. पोराला मदत हवी होती. दत्तोपंतांनी केसखाली पहिली सूचना लिहिली : 'घाई करू नका. शांतपणे बघा.' त्या दिवशी विद्यार्थी जास्त वेळ थांबला. आठवड्याने दुसरी : 'छाती ओळखीची वाटेपर्यंत बघत राहा.' तो त्याहूनही जास्त थांबला, पण चौकोन रिकामाच. शेवटी दत्तोपंतांनी जवळजवळ उत्तरच फोडलं : 'जे शोधताय ते गेलेलं नाही. हृदयाच्या मागे आहे.'

त्या दिवशी विद्यार्थी दिवेलागणीपर्यंत हलला नाही. दत्तोपंतांचा चहा दोनदा झाला.

आणि मग रुचिराचा निरोप आला. "सर, केस एक्केचाळीसच्या फिल्मवर पेशंटच्या गळ्यातला ताईत तसाच आहे. धातूची सावली पडलीये. नवीन मुलं त्यालाच आजार समजतील. जमल्यास फिल्म बदला."

दत्तोपंतांनी बघितलं. खरंच होतं. छातीच्या मधोमध छोटा चौकोनी ताईत लख्ख पांढरा दिसत होता. अनंताने ताईत काढायला लावला नव्हता. आणि त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला : पोरगं ताईताला अडलंय! इतके दिवस बिचारं हृदयाच्या मागे जाण्याऐवजी ताईतापाशीच घुटमळतंय, आणि आपण त्याला मठ्ठ म्हणतोय.

त्यांनी कपाट उपसलं. त्याच आजाराची दुसरी फिल्म सापडली. स्वच्छ, पुस्तकात छापावी अशी. जुनी काढली, नवी लावली. चारच्या आधीच शर्ट बदलून बसले. आज पोरगं उत्तर लिहिणार.

विद्यार्थी आला. लगेच गेला. परत आला, परत गेला. दार चुकल्यासारखं आणखी काही वेळा तसंच केलं. मग गेला तो गेलाच.

दुसऱ्या दिवशी आकडा शून्य. तिसऱ्या दिवशीही.

'उत्तर सापडलं असणार,' दत्तोपंतांनी स्वतःला समजावलं. विद्यार्थ्याला कळलं की तो निघून जातो. शिक्षणाचा हेतूच तो असतो. दत्तोपंतांना हा हेतू एकदम आवडेनासा झाला. चहा एकट्याचा करायचा म्हणजे पातेल्याच्या तळाशीच राहतो. त्यांनी चहा करणं सोडलं, मग शर्ट बदलणं, आणि रविवारी मिहिरने "काय म्हणतो तुमचा विद्यार्थी?" असं विचारलं तेव्हा "पास झाला" म्हणून फोन ठेवला.

सोमवारी एका अनोळखी नंबरवरून फोन आला.

"गद्रे सर का? मी मृणाली. एमबीबीएस करते, थर्ड इयर. तुमच्या सावलीशाळेवरच छाती शिकले."

"तू!" दत्तोपंत खुर्चीतून अर्धे उठले. "रोज चारला येणारी तूच का?"

"नाही सर, मी फक्त परीक्षेच्या आधी."

दत्तोपंत परत बसले. निदान खरं तरी बोलली.

"सर, एक्केचाळीसची छाती बदललीत ना? जुनी परत लावा ना, प्लीज."

"अगं, तिच्यावर ताईत होता."

"ताईतासाठीच म्हणतेय. ते माझे आजोबा आहेत, सर."

लूम चालूच होते, तरी दत्तोपंतांना फ्रिजचा आवाज ऐकू आला. उभ्या आयुष्यात त्यांच्या खोलीतून एक नाव बाहेर गेलं नव्हतं. आणि आता नावाला पट्टी लावून माणूस मात्र ताईतासकट चव्हाट्यावर मांडला होता.

"तुला कसं कळलं?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं.

"त्या ताईताचा खालचा कोपरा चेपलाय. लहान असताना आजोबांच्या मांडीवर बसून मी तो चावायचे. ते माझे दात आहेत, सर."

"मग तर ती फिल्म लावताच येणार नाही. ओळख पटली की केस काढावी लागते. नियम आहे."

"ते तुम्ही आजीला सांगा. मी नाही सांगणार."

"आजी कशाला मध्ये?"

"रोज चार वाजता तीच बघते, सर."

मृणालीच्या आजीकडे अंजूरला जायला दत्तोपंतांनी कारण शोधून ठेवलं होतं : झाल्या प्रकाराबद्दल कुटुंबाची माफी मागायची आणि नियम समजावून सांगायचा. फोनवर हे सांगता आलं असतं. पण पेशंटच्या घरी जायची त्यांची ही पहिलीच वेळ होती आणि त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

रिक्षावाल्याने विचारलं, "कौनसा गोदाम, चाचा?"

"गोदाम नहीं, घर जाना है."

"अंजूर में घर?" रिक्षावाल्याने आरशातून त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. रस्ताभर दोन्ही बाजूंना गोदामं आणि त्यांच्या तोंडाशी वळायला जागा शोधणारे ट्रक. मधूनच भाताचं एखादं खाचर, चुकून राहून गेल्यासारखं.

मृणालीच्या आजोबांचं, केसरीनाथ पाटलांचं घर दुमजली, गुलाबी, नवं. खोल्या पुष्कळ आणि माणूस एक. मुलगा प्रितम काल्हेरच्या टॉवरमध्ये राहायचा, मृणाली हॉस्टेलला. आजी, म्हणजे जानकीबाई, ओटीवर बसल्या होत्या. समोर साखरेच्या डब्याला मोबाइल टेकवून ठेवला होता. त्याचा पडदा काळा होता.

"तुमीच का ते गदरे डाक्टर?" त्यांनी विचारलं. "तवा तुमी दिसलाच न्हाय. पडद्याच्या मागं होतात."

"मी मागेच असतो," दत्तोपंत म्हणाले.

भिंतीवर हार घातलेला फोटो होता. कोट घातलेला एक गोरापान, गुळगुळीत माणूस. दत्तोपंतांनी तो निरखून पाहिला. नेहमीप्रमाणे काही आठवलं नाही.

"त्याच्याकडं नका बघू," जानकीबाई म्हणाल्या. "पुतन्याच्या लग्नातला. कोट दुसऱ्याचा, आन रंग फोटोवाल्याचा. मना पन ओलख न्हाय पटत."

दत्तोपंतांनी पिशवीतून जुनी फिल्म काढली आणि दाराच्या उजेडात धरली. क्षणभर बघून म्हणाले, "यांना मी ओळखतो."

जानकीबाई उठून जवळ आल्या. पदर सावरला. "हां. आता बरोबर."

"आजी, मी माफी मागायला आलो होतो. न विचारता ही—"

"माफी त्याची न्हाय, दुसऱ्याची मागा," त्या म्हणाल्या. "गेल्या आठवड्यात चार वाजता चा घेऊन बसली, मोबाइल उघडला, तर आत कोन परकाच बापय! मना वाटलं मीच चुकली. बंद केला, पुन्ना उघडला, तरी तोच. ह्या वयात परक्या मानसाची छाती बघत बसू का मी? लोक काय बोलतील?"

"चुकलंच माझं," दत्तोपंत म्हणाले. "मृणालीकडे मोबाइलमध्ये काढून ठेवली असेल ना ही?"

"दिलीय की तिनं. पन घरात डांबून ठेवलेला मानूस वेगला, आन आपन जाऊन भेटायचा वेगला. तिथं गेली का ते आपले उभे असतात." त्यांनी फिल्मवरच्या ताईताला बोट लावलं. "हा मी बांधलेला. त्यांच्याबरोबरच दिला. आता हितंच काय तो ऱ्हायलाय."

दत्तोपंतांना नियम समजावून सांगायचा होता. तो घशापर्यंत आला होता. तेवढ्यात जानकीबाई हसायला लागल्या.

"त्या दिवशी तुमचा तो मानूस बोलला, ताईत काढा. हे बोलले, हिनं बांधलाय, हिला विचारा. मी बाहेरूनच बोलली, न्हाय काढायचा. मंग तो कंटालला. वरडला, श्वास घ्या! धरून ठेवा! आन गेला फिलम घेऊन. सोडा बोललाच न्हाय."

दत्तोपंतांनी डोळे मिटले. अनंता!

"हे बाहेर आले तेच गाल फुगवून. डोले हे एवढे. मी बोलली, आवो काय झालं? तर हातानंच सांगतात, गप ऱ्हा. रिक्षापर्यंत गेल्यावर सोडला. मंग आमचं भांडन झालं का मी बोलायची, घ्या श्वास, धरून ठेवा. गपकन हसायचे." त्या हसायच्या थांबल्या. "गेले तवा मी न्हवती जवल. बांधावर एकटेच होते. लोकांनी उचलून आनला तवा सगला सोडून झालेला."

बाहेर एक ट्रक मागे येत होता. त्याची पीं-पीं बराच वेळ चालली.

"डाक्टर, तुमाला कलत असल म्हनून विचारते. ह्याच्यात त्यांनी श्वास धरलेला हाय ना?"

हा प्रश्न दत्तोपंतांना कुणी विचारला नव्हता. पण कोणतीही फिल्म हातात घेतली की ते आधी हेच बघत. श्वास पुरता घेतला असेल तर फासळ्या जास्त दिसतात, अपुरा असेल तर कमी. त्यांनी चष्मा वर केला आणि बोटाने एकेक फासळी मोजत खाली आले. चुकू नये म्हणून पुन्हा वरून मोजत आले.

"पूर्ण घेतलाय," ते म्हणाले. "छातीभर."

"आन सोडलेला न्हाय?"

"नाही. सोडलेला नाही."

जानकीबाईंनी मान हलवली, आपल्याला माहीतच होतं तसं. "तुमी खाली लिवलेलं मी वाचते हां. चौथी झालेय माझी. घाई करू नका, लिवलंवतं. मंग, ते गेलेलं न्हाय, हृदयाच्या मागं हाय. मना वाटलं, डाक्टरला सगला कलतंय. मलाच सांगतायत."

"तुम्हालाच सांगत होतो," दत्तोपंत म्हणाले. आणि मग, न राहवून, "मला वाटलं होतं, मला एक विद्यार्थी मिळालाय."

जानकीबाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. शर्टाची इस्त्री, पिशवी, दारात काढलेली पॉलिश केलेली चप्पल.

"मंग शिकवा की," त्या म्हणाल्या. "बसलेय ना मी."

दत्तोपंतांनी शिकवलं. फिल्म बघताना समजायचं की माणूस आपल्यासमोर बसलाय; त्याची डावी बाजू ती आपली उजवी. हे हृदय. हे त्याच्यामागे. इथे काळं दिसायला हवं, त्याऐवजी हा पांढुरका त्रिकोण. जानकीबाईंनी डोळे बारीक केले, फिल्म जवळ घेतली, लांब धरली.

"ह्यो?"

"हाच."

"एवढासा? आन एवढ्याशासाठी मना रात रात जागवली!" त्या फिल्मकडे बघून रागावल्या. ते रागावणं नवऱ्यावरचं, घरातलं होतं, म्हणून त्यांनी मान खाली घातली.

निघताना त्यांनी नियमाचं काढलं. ओळख पटली असली तरी घरच्यांची हरकत नसेल तर ठेवता येते, असाही एक नियम होता. तो त्यांना नेमका तेव्हाच आठवला.

"माझंच मानूस, माझी कसली हरकत?" जानकीबाई म्हणाल्या. "फकस्त एक. त्यांना सोडा म्हनू नका."

मंगळवारी दत्तोपंतांनी जुनी फिल्म परत लावली. खाली लिहिलं, 'फिल्मवरची धातूची सावली कुटुंबाच्या संमतीने ठेवली आहे.' जुन्या सूचना होत्या तशाच राहू दिल्या. नागपूरहून लगेच आवाज आला.

"सर, तो ताईत परत आलाय."

"हो," दत्तोपंतांनी लिहिलं. "तो घरचा आहे."

मग शर्ट बदलला. चहाचं आधण ठेवलं, दोन कपांचं, पातेलं जळू नये म्हणून. लॅपटॉप टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, प्रमोदिनीच्या खुर्चीसमोर ठेवला आणि पडदा आपल्याकडे वळवला. मागच्या गल्लीत शिफ्ट बदलली, लूम थांबले. आकडा शून्य होता. चार वाजून गेले, शून्यच होता. दत्तोपंत हनुवटी वर करून, छाती टेबलाला चिकटवून आकड्याकडे बघत राहिले.

आकडा एक झाला.

आपण कधीपासून श्वास धरून बसलोय, हे दत्तोपंतांना तेव्हा कळलं. सोडा म्हणायला कुणी नव्हतं. त्यांनी आपला आपणच सोडला आणि चहा ओतायला उठले.